साळूची पाठ आणि हैबतीचे ओटे

ज्या काळी करंजखिंडीच्या घाटाला रस्ता नव्हता, नुसती पाऊलवाट होती, आणि घरोघरी बायका जात्यावर दळत होत्या, त्या काळची ही गोष्ट. ती डोळ्यांनी पाहिलेलं आता कुणी उरलेलं नाही. ज्यांनी पाहिली त्यांनी सांगितली, ज्यांनी ऐकली त्यांनी आपल्या पदरचं थोडं घातलं, आणि अशी ती घाट चढत-उतरत आपल्यापर्यंत आली.

खिंडीच्या पायथ्याशी पाथरवटांची वस्ती होती. डोंगरातला काळा दगड फोडायचा, त्याची जाती, पाटे, वरवंटे घडवायचे आणि ते पाठीवर बांधून घाटापलीकडच्या बाजाराला न्यायचे, हा त्यांचा धंदा. त्या वस्तीत हैबती नावाचा गडी होता. असं म्हणतात, त्याच्यासारखा उंच आणि ताकदीचा माणूस त्या डोंगरात ना आधी झाला, ना नंतर. जात्याची खालची तळी एका हातात आणि वरची दुसऱ्या हातात घेऊन तो गाणं म्हणत खिंड चढायचा. दारातून आत जाताना मान तुकवावी लागते, हे त्याला सहन व्हायचं नाही. म्हणून त्यानं आपल्या झोपडीचं दार एवढं उंच करून घेतलं होतं, की पावसाळ्यात निम्मा पाऊस घरात यायचा.

त्यातून तो होता पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याकडून न येता पायांकडून आलेला. कुणाच्या कमरेत उसण भरली, चमक निघाली, तर पायाळू माणसाचा पाय कमरेला लागला की ती निघून जाते, असा सगळ्या मुलखाचा समज. मग काय, सकाळ झाली की हैबतीच्या दारात माणसं कण्हत उभी. हैबती बाहेर यायचा, हसायचा, आणि एकेकाच्या कमरेत हलकेच लाथ घालायचा. माणसं लाथ खाऊन वर त्याच्याच पाया पडून जायची. असलं भाग्य कुणाच्या वाट्याला येतं? हैबतीला वाटायचं, आपल्याला आलंय ते आपल्या ताकदीमुळेच.

त्याच घरात हैबतीची आई राहायची. तिचं नाव साळू.

साळू कमरेत वाकलेली होती. म्हातारपणानं माणसं वाकतात तशी नाही. पार दुमडलेली. तिची नजर कायम जमिनीवर असायची. वस्तीतली माणसं ती पायांवरून ओळखायची. कुणाच्या टाचेला भेग आहे, कुणाचा अंगठा वाकडा आहे, कोण पाय ओढत चालतं, हे सगळं तिला पाठ. वस्तीतल्या टवाळांनी तिचं नाव ठेवलं होतं 'कोयती'. "कोयती निघाली गवताला," असं म्हणायचे आणि हसायचे. त्यात पुढे असायचा सुभाना, हैबतीचा जिवाभावाचा मित्र. आणि सुभाना हसला की हैबतीही हसायचा. मोठ्यानं नाही, पण हसायचा.

ती वाकली कशी, हे वस्तीतल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं. हैबती अंगावर पीत होता तेव्हाच त्याचा बाप तापानं गेला. दगड घडवणारे हात गेले, पण घडवून ठेवलेली जाती अंगणात होती. साळूनं एक जातं फडक्यात बांधून पाठीवर घेतलं, दुसऱ्या फडक्यात हैबतीला बांधून पोटाशी घेतलं आणि ती खिंड चढली. ती जाती संपली, तेव्हा तिनं दुसऱ्यांची न्यायला सुरुवात केली. पोटाशी पोर वाढत गेलं, पाठीवर दगड तेवढाच राहिला. पोर चालायला लागलं, मोठं झालं, आईच्या डोक्यावरून पलीकडचं बघायला लागलं, तोवर साळूची पाठ दुमडून गेली होती.

हैबतीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि ध्यानात असणं वेगळं.

एका वर्षी भैरोबाची जत्रा भरली. जत्रेत गोटी उचलायची रीत होती. गोटी म्हणजे गुळगुळीत गोल धोंडा, हात ठरू नये असा. तो खांद्यावर घेऊन जो देवळाला तोंड करून उभा राहील, त्याला मानाचा फेटा. घाटापलीकडचे पाहुणे पैलवान आले होते. हैबती त्यांच्या घोळक्यात छाती काढून उभा होता. तेवढ्यात माणसांच्या पायांमधून वाट काढत साळू आली. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. ती खाली बघत, पाय ओळखत ओळखत आली आणि हैबतीच्या पायांपाशी येऊन थांबली.

एक पाहुणा हसून म्हणाला, "ही कोण म्हातारी? जमिनीवर काय हुडकतीया?"

सगळ्यांनी हैबतीकडं पाहिलं. सुभानानंही पाहिलं. हैबतीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तो म्हणाला, "आसंल कुणीतरी. जत्रंला काय, कोण बी येतंय."

साळूनं भाकरीचं फडकं त्याच्या पायांशी ठेवलं, आणि आली तशी पायांमधून वाट काढत परत गेली.

मग हैबतीचं नाव पुकारलं गेलं. तो गोटीपाशी गेला. एरवी तो कसा उचलायचा, तर आधी उकिडवा बसायचा, गोटी मांड्यांवर ओढून घ्यायचा, पोटाशी धरायचा आणि मग सावकाश उठायचा. त्या दिवशी त्याच्या आत काहीतरी जळत होतं. ते कुणाला दिसू नये म्हणून त्यानं घाई केली. गुडघे ताठ ठेवून तो कमरेतूनच वाकला आणि एका हिसक्यात गोटी खांद्यावर घेतली. लोकांनी आरोळी ठोकली. हैबतीनं देवळाकडं तोंड करायचं, तर त्याला वाटलं, आई गेली का अजून मागंच उभी आहे? आणि पाय न हलवता, खांद्यावर गोटी तशीच ठेवून, तो कमरेत मागं वळला.

असं म्हणतात, वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला, आणि तो देवळाच्या पायरीपर्यंत ऐकू गेला.

तसाच पाय ओढत तो देवळाकडं फिरला, मगच त्यानं गोटी टाकली. ओठ दातांखाली दाबून हसला. डोक्यावर फेटा बांधून घेतला. पाहुण्यांना रामराम केला. लोक पांगल्यावर कुंपणांना धरत, एकेक पाऊल टाकत तो घरी आला आणि जो आडवा झाला, तो उठलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उसण भरलेली माणसं उभी. हैबतीनं आतूनच सांगितलं, "भैरोबाला बोललोय. पुढली जत्रा येईस्तवर वजं उचलायचं न्हाई, कुणाला पाय लावायचा न्हाई, उंबऱ्याभायेर यायचं न्हाई. नवस हाय."

लोकांनी हात जोडले आणि गेले. नवसामुळं त्याचा मान उलट वाढला. आणि तो आत, घोंगडीवर, कूस बदलताना फडकं दातात धरून पडलेला. कमरेतून निघालेली कळ पायाच्या पोटरीपर्यंत जायची. पण कळीपेक्षा त्याला दुसऱ्याच गोष्टीचं भय होतं. अख्ख्या मुलखाच्या उसणी काढणाऱ्या हैबतीच्याच कमरेत उसण भरली, हे कळलं तर? सुभाना काय म्हणेल? मला काय नाव ठेवतील? लाजेपायी तो हालेना, आणि न हालल्यानं कंबर आणखीच धरत गेली. मांड्यांचं मांस उतरलं. जे दुखणं चार दिवसांत निघून गेलं असतं, ते लपवून ठेवल्यामुळं घरात ठाण मांडून बसलं.

साळू येऊन भाकरी ठेवायची, पाणी ठेवायची. ती आली की हैबती भिंतीकडं तोंड करायचा. जत्रेतलं ती काही बोलली नव्हती, आणि ती बोलत नाही हेच त्याला सोसत नव्हतं.

एका दुपारी त्याला तहान लागली. घागर हाताशी नव्हती. तो कोपरांवर उठायला गेला, कळ आली, आणि तो धाडकन जमिनीवर उताणा पडला. उठता येईना, वळता येईना. आवाज ऐकून साळू आत आली. तिनं घागर घेतली, वाकून नाही, ती वाकलेलीच होती, आणि त्याच्या डोक्यापाशी येऊन थांबली.

ती पाणी द्यायचं विसरली. नुसती बघत राहिली.

हैबती चिडला. "काय बघतीस? दे की पाणी."

"तुझं तोंड बघतीया, बाबा," साळू म्हणाली. "तुझ्या हनवटीवर तीळ हाय. म्या इसरूनच गेल्ते."

हैबतीचा हात हनवटीकडं गेला.

"तू हुबा असलास की मला तुझं गुडघंच दिसत्यात," ती म्हणाली. "मोठा झालास तवापास्नं गुडघंच बघितलं. आज तोंड दिसलं. बापावाणी झालायस की रं."

असं म्हणतात, त्या क्षणी हैबतीला वाटलं की ही जमीन फाटावी आणि आपल्याला पोटात घ्यावी. हिच्यासमोर आपण कधी बसलोच नाही. उभ्यानं जेवण मागितलं, उभ्यानं हाका मारल्या, उभ्यानंच हसलो. घराचं दार उंच केलं, पण हिच्यासाठी एकदा खाली बसलो नाही. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"झाकू नगंस," साळू म्हणाली. "बघू दे."

"आय," तो झाकलेल्या तोंडानंच म्हणाला, "त्या दिशी जत्रंत म्या..."

"ऐकलं म्या. पाठ वाकलीया माझी, कान न्हाई वाकलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तुला माझी लाज वाटली. मला बी माझी लाजच वाटत व्हती की." तिनं त्याच्या तोंडाला पाणी लावलं. "पाठ पहिल्यांदा दुखाया लागली, तवा कुणाला सांगितलं न्हाई. म्हटलं, लोक म्हणतील, रांडमुंड बाई, हिच्यानं काय व्हायाचं. घाटात दम लागला तरी वजं खाली ठेवायची न्हाई. का? ठेवलं तर परत उचलून पाठीवर द्यायाला कोण? मग चढायची तशीच. एक दिस बी न उतरवता चढायची. वजनानं न्हाई रं वाकले म्या. उतरवाया जागा न्हवती, म्हनून वाकले."

त्यानं तोंडावरचे हात काढले. माय-लेकरं एकमेकांकडं बघत राहिली.

मग साळू म्हणाली, "आता ऊठ."

"उठता येत न्हाई."

"ताठ उठशील तर न्हाई यायाचं. कुशीवर वळ. गुडघं पोटाशी घे. हातावर जोर दे. अगुदर बस. बसल्याबिगर कुणी उठत असतंय का?"

हैबती कुशीवर वळला, हातावर जोर देऊन बसला. घामानं भिजला, पण बसला. साळूनं निर्गुडीचा पाला गरम करून त्याची कंबर शेकली. जाड्या मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून फिरवली. आणि शेक संपला की म्हणायची, "चल, भायेर."

बाहेर जायचं म्हणजे लोकांना दिसायचं. हैबतीला वाटायचं, त्यापेक्षा मरण बरं. पण आता तो तिला नाही म्हणू शकत नव्हता. पहिल्या दिवशी तो उंबऱ्यापर्यंत गेला. मग अंगणातल्या तुळशीपर्यंत. मग काठी टेकत आडापर्यंत. वस्तीनं पाहिलं, की डोंगराएवढा हैबती काठी टेकत चाललाय, आणि त्याच्या बरोबरीनं, त्याच्याच चालीनं, कोयती चाललीय. बायकांनी तोंडाला पदर लावला. हैबतीची मान आपसूक खाली जायची. आणि खाली गेली की त्याला शेजारी आईचे पाय दिसायचे, भेगाळलेले, एकही पाऊल न चुकवणारे. त्या पायांकडं बघत तो चालायचा. दुखलं तर थांबायचा, थांबून पुन्हा चालायचा.

चालता चालता तो बघायलाही शिकला. आई आडातून पाणी काढते, घागर उचलते, मोळी उचलते, ती कशी? कमरेतून वाकायला तिच्याकडं काही उरलंच नव्हतं. म्हणून ती सगळं गुडघ्यांतून करायची. वस्तूच्या अगदी जवळ जायची, बसायची, ती छातीशी कवटाळायची, पाय फाकवून उठायची. वळायचं झालं तर आधी पाऊल वळवायची, मग अंग. एका जागी फार वेळ बसायची नाही. दळता दळता उठायची, भिंतीला पाठ लावायची, पुन्हा बसायची. पाठ गेल्यावर तिला जे कळलं होतं, ते पाठ शाबूत असताना कुणी तिला सांगितलं असतं तर? हा विचार आला की हैबती मध्येच उभा राहायचा. आई म्हणायची, "दुखतंय का रं?" तो म्हणायचा, "न्हाई." आणि ते खोटं नसायचं. कंबर दुखत नव्हती, दुसरंच काहीतरी दुखत होतं.

नवसाची कथा मात्र तशीच राहिली. लोक म्हणत, उंबऱ्याबाहेर यायला भैरोबानं कौल दिला असेल, आणि काठी टेकून चालायचाही नवस असेल. हैबतीनं ते खोडलं नाही. एवढी लाज गिळली, पण ही शेवटची गिळवेना.

मग श्रावणात तो पाऊस झाला. असं म्हणतात, डोंगर तीन दिवस दिसलाच नाही. चौथ्या दिवशी उजाडता उजाडता खिंडीच्या कड्यावरून एक धोंड सुटली आणि वस्तीच्या वरच्या अंगाला ओढ्यात येऊन रुतली. एवढी मोठी, की तिच्या सावलीत दोन बैलगाड्या उभ्या राहाव्यात. ओढा तुंबला. पाणी मागं साचत चाललं आणि काठ चढून वस्तीकडं वळायला लागलं. घरं मातीची. पाणी शिरलं की उभी वस्ती खाली बसणार.

गडी धावले. पहारी घेतल्या, दोर घेतले. ज्याला जसं सुचेल तसा जो तो जोर करायला लागला. कुणी ओढतंय, कुणी ढकलतंय, कुणी कमरेतून वाकून हिसके देतंय. धोंड हलेना. दोघा-तिघांच्या कमरेत तिथंच लचक भरली आणि ते चिखलात बसले. तेव्हा सुभाना ओरडला, "हैबतीला बलवा! नवस ऱ्हाऊ दे! भैरोबा माफ करंल!"

हैबती आला. काठी टेकत, आईच्या बरोबरीनं. लोकांनी वाट करून दिली. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर, जत्रेत होते तसेच. पाणी काठाशी आलेलं.

हैबती धोंडीपाशी उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "नवस-बिवस काय न्हाई."

कुणाला काही कळेना.

"माझी कंबर गेलीया. जत्रंतच गेली. लाजंपायी लपवली. तुमच्या उसणी काढणारा म्या, माझीच मला निघंना, म्हनून नवसाचं खोटं बोललो. भैरोबाला बी मधी घातला." त्यानं आईकडं हात केला. "आन् जत्रंत पावन्यांनी इचारलं, ही म्हातारी कोण, तर म्या म्हटलं, आसंल कुणीतरी. ती माझी आय हाय. मला पोटाशी आन् दगूड पाठीशी बांधून ती ही खिंड चढली. म्या तिची वळख दिली न्हाई. आता बोला काय बोलायचं ते."

कोयती म्हणून कोण हसलं नव्हतं? सुभानानं मान खाली घातली. त्याच्या शेजारच्यानं घातली. एकेक करत सगळ्या वस्तीच्या माना खाली गेल्या. आणि असं म्हणतात, खाली बघताना पहिल्यांदाच सगळ्यांना साळूचा चेहरा दिसला, कारण ती खालून त्यांच्याकडं मान तिरपी करून बघत होती.

साळू म्हणाली, "माना खाली घातल्याच हायती, तर गुडघं बी वाकवा. पाणी काय थांबनार न्हाई."

मग हैबती बोलू लागला आणि वस्ती ऐकू लागली. त्यानं प्रत्येकाची जागा ठरवली. पहारी कुठं घालायच्या, ओंडके कुठं सरकवायचे ते सांगितलं. म्हणाला, "हिसका कुणी द्यायचा न्हाई. पाय फाकवा. खाली बसा. दगडाला छाती लावा, लेकरू धरल्यावाणी. कमरंत वळायचं न्हाई. एकट्यानं जोर लावायचा न्हाई, ज्यानं लावला त्याला म्या घरी धाडीन. म्या म्हणंन बस, तवा बसायचं. म्हणंन श्वास, तवा घ्यायाचा. म्हणंन ऊठ, तवा समद्यांनी संगट उठायचं."

"बस!" वस्ती बसली.

"श्वास!" वस्तीनं श्वास घेतला.

"ऊठ!"

असं म्हणतात, ती धोंड हलली नाही, सरकली नाही, ती उठली. कापसाच्या पेळूसारखी हलकी होऊन वर आली. कुणाच्या खांद्यावर ओरखडा नाही, कुणाच्या कमरेत चमक नाही. ती ओढ्याच्या कडेला जाऊन बसली आणि पाणी आपल्या वाटेनं निघून गेलं. काही जण सांगतात, हैबतीनं नुसता तळवा टेकवला होता. काही सांगतात, त्याचा नव्हे, साळूचा तळवा टेकला होता. ज्याला जे खरं वाटेल ते त्यानं धरावं.

पाऊस उघडल्यावर लोक हैबतीला फेटा बांधायला आले. त्यानं डोकं मागं घेतलं. म्हणाला, "फेटा नगं. माझ्या संगट खिंडीत चला."

खिंडीच्या वाटेवर जिथं जिथं चढणाऱ्याचा दम जातो, तिथं तिथं त्यानं दगडी ओटे बांधायला घेतले. माणसाच्या खांद्याएवढे उंच. पाठ टेकवली की ओझं आपोआप ओट्यावर बसावं, वाकावं लागू नये, आणि विसावा घेऊन निघताना कुणी उचलून द्यायला नसलं तरी ओझं पुन्हा पाठीवर यावं, असे. प्रत्येक ओट्याची उंची तो साळूला दाखवायचा. ती म्हणायची, "हितं एक पाहिजे व्हता बघ," आणि त्या जागेवर थोडा वेळ हात ठेवून उभी राहायची. तिचा हात जिथं राहायचा तिथं ओटा व्हायचा. सुभाना चुना कालवायचा.

पुढं लांबलांबून दुखऱ्या कमरेची माणसं हैबतीकडं यायला लागली. लाथ मागायची. हैबती लाथ मारायचा नाही. तो माणसाला समोर बसवायचा आणि विचारायचा, "काय उचलतोस? कसा उचलतोस? किती येळ एका जागी बसतोस?" आणि शेवटी विचारायचा, "आन् दुखतंय हे कुणापास्नं लपवतोस?" असं म्हणतात, या शेवटच्या प्रश्नाला बायाबापड्या रडायच्या. एक कोष्टीण होती, ती सासूपासून लपवायची. एक गवंडी मुकादमापासून लपवायचा. हैबती म्हणायचा, "उसण लाथंनं जात न्हाई. ती आपल्या पावलानं येती, आपल्या पावलानं जाती. तू घरला जाऊन आधी सांग. मग शेक घे. मग चाल." आणि ज्याच्या पायात बळ उरलं नाही, मुंग्या येतात, लघवी कळत नाही, त्याला तो सांगायचा, "हे माझ्या हातचं न्हाई. आजच्या आज मोठ्या वैद्याकडं जा." असं सांगायला त्याला लाज वाटायची नाही. लाजेचा साठा त्यानं आधीच संपवला होता.

पण एक गोष्ट त्याच्या हातून झाली नाही. साळूची पाठ सरळ झाली नाही. त्यानं शेक दिले, तेल चोळलं, देवाला धरणं धरलं. ती हसायची. "आता ती ऱ्हाऊ दे. सवय झालीया." हैबती रोज संध्याकाळी तिच्यासमोर जमिनीवर बसायचा आणि दिवसभरात काय झालं ते सांगायचा. ती त्याचं तोंड बघायची.

साळू वारली ती ऐन कापणीत, दिवसाउजेडी, भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या. बायकांनी तिला न्हाऊ घालायला आडवं केलं, तेव्हा त्या थबकल्या. असं म्हणतात, साळूची पाठ सरळ झाली होती. गडी तिरडी बांधत होते. त्यांनी नेहमीच्या मापानं बांबू तोडून आणले, तर ते आखूड पडले. पुन्हा लांब बांबू आणावे लागले.

हैबती दारात उभा राहून बघत होता. तो सुभानाला म्हणाला, "एवढी उंच व्हती माझी आय. मला ठावंच न्हवतं."

आणि तो मटकन खाली बसला. त्या दिवसानंतर त्यानं घराचं उंच दार बुजवून ठेंगणं केलं, आणि मरेपर्यंत वाकून आत-बाहेर केलं, असं म्हणतात.

आता घाटात डांबरी रस्ता आहे. गाड्या जातात. ओटे अजून आहेत, काहींवर शेवाळ आहे, काही ढासळलेत. दरवर्षी कापणी झाली की करंजखिंडीची माणसं वर जातात आणि ढासळलेले ओटे पुन्हा रचतात. जड काही उचलायचं झालं की चारजण मिळून उचलतात आणि एकजण "बस, श्वास, ऊठ" असं म्हणतो. लहान पोरांनाही ते येतं. त्याला तिथं हैबतीची हाक म्हणतात.

आणि त्या गावात, वाकलेल्या म्हाताऱ्या माणसाशी कुणी उभं राहून बोलत नाही. घाईत असो, चिखल असो, अंगावर लग्नातले कपडे असोत. आधी खाली बसायचं, मग बोलायचं. नव्यानं आलेली सून किंवा जावई कधी विसरतो आणि उभ्यानंच "काय आजी, बऱ्या आहात का" असं विचारतो. तेव्हा म्हातारी त्याचे गुडघेच बघत राहते. जवळचं कुणीतरी हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवतं आणि म्हणतं, "बस की जरा. तुझं तोंड दिसंना झालंय तिला."